ग्लिसरॉल ते हृदयाची गोळी: कायद्यातील काही शब्दांचा इतिहास

१९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रोगी दगावले. त्यांना जो आजार होता त्याने नव्हे, तर त्या आजारावर दिलेल्या औषधाने. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून ग्लिसरॉल पाजण्याची तेव्हा रीत होती. रुग्णालयात आलेले ग्लिसरॉल औषधी प्रतीचे नव्हते, कारखान्यात वापरण्याच्या प्रतीचे होते, आणि त्यात सुमारे साडेअठरा टक्के डायइथिलिन ग्लायकॉल होते. ह्या द्रव्याने मूत्रपिंडे निकामी होतात. एकामागून एक रोग्यांची लघवी बंद होऊ लागली तेव्हा प्रथम डॉक्टरांनाही कारण उमगेना.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला जे. जे. परके नाही. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले, शास्त्रीनगर किंवा रुक्मिणीबाई रुग्णालयातून ‘मोठ्या हॉस्पिटलात न्या’ असे सांगितले गेले, की जलद लोकलने भायखळा गाठायचे, ही ह्या पट्ट्यातील कित्येक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आहे. तिथे औषध फुकट मिळते किंवा नाममात्र पैशात मिळते, आणि फुकट मिळालेल्या औषधाचे बिल नसते. ‘बिल नसते’ हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत अशी वाचकांना विनंती आहे. पुढचा बराचसा मजकूर त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

ह्या मृत्यूंच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. १९८७ च्या अखेरीस त्यांनी अहवाल सादर केला आणि १९८८ मध्ये तो लोकांपुढे आला. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले, एवढे बहुतेकांना आठवते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा अहवाल एकदा गद्य म्हणून वाचावा असे आम्ही सुचवू. सरकारी अहवालांच्या भाषेत कर्ता लपवण्याची सोय असते. निर्णय ‘घेतले जातात’, चुका ‘घडून येतात’, फाइली आपोआप पुढे सरकतात. लेंटिन यांनी ही सोय नाकारली. रुग्णालयाचा खरेदी विभाग, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आणि त्यांच्यावर वजन टाकणारे मंत्री, प्रत्येक क्रियापदाला त्यांनी त्याचा कर्ता जोडला. न्यूरोसर्जन सुनील पंड्या यांनी १९८८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ह्या प्रकरणावर लिहिले, तेव्हा परदेशी वाचकालाही ही साखळी स्पष्ट दिसली.

पण एवढे करूनही चौकशी आयोग मृताच्या वारसाला एक पैसा देऊ शकत नाही. १९५२ चा चौकशी आयोग कायदा त्याला सत्य शोधण्याचा अधिकार देतो, निवाडा करण्याचा देत नाही. अहवाल म्हणजे शिफारस. आमच्या इथल्या चर्चेत ‘लेंटिन आयोगाने न्याय दिला’ असे वाक्य कधीकधी कानावर येते. आयोगाने सत्य दिले. न्याय मागायचा तर दुसरे दार ठोठवावे लागते, आणि त्या दारावर कोणता शब्द लिहिला आहे हे आधी वाचावे लागते.

शब्दाचे हे महत्त्व कायद्याच्या इतिहासात फार जुने आहे. हेच डायइथिलिन ग्लायकॉल १९३७ मध्ये अमेरिकेत एका सल्फा औषधात द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभरांहून अधिक माणसे, त्यांत अनेक मुले, प्राणास मुकली. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने आपले जवळजवळ सगळे निरीक्षक गावोगाव धाडले. २४० गॅलनपैकी सुमारे २३४ गॅलन औषध परत मिळवले. परंतु त्या औषधाला हात लावण्याचा कायदेशीर आधार कोणता होता? ते विषारी होते हा नव्हे. विक्रीपूर्वी औषध निर्धोक आहे असे सिद्ध करण्याचे बंधन तेव्हा कायद्यात नव्हतेच. आधार एवढाच की बाटलीवर ‘एलिक्झिर’ असे छापले होते, एलिक्झिर म्हणजे मद्यार्कयुक्त औषध असा संकेत होता, आणि बाटलीत मद्यार्क नव्हता! लेबलावर ‘सोल्यूशन’ असे लिहिले असते तर प्रशासनाचे हात बांधलेले राहिले असते. शब्दार्थाच्या एका संकेताने किती जीव वाचले असतील, याचा विचार शब्दकोशकारांनी अवश्य करावा. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने कायदा बदलला.

आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. त्यातही सदोष औषधाची एकच जात नाही. अप्रमाणित, मिथ्याछाप, भेसळयुक्त, बनावट अशा वेगवेगळ्या जाती आहेत आणि प्रत्येक जातीची शिक्षा निराळी आहे. २००८ च्या दुरुस्तीने भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू वा गंभीर इजा झाल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड ठेवला. त्या कलमातील एक परंतुक फारसे कोणी वाचत नाही: हा दंड वसूल झाला तर तो सरकारजमा न होता औषध घेणाऱ्याला, तो हयात नसल्यास त्याच्या नातलगाला, भरपाई म्हणून द्यायचा. फौजदारी शिक्षेच्या पोटात दडलेली ही भरपाई आहे. पण ती मिळायला आधी दोषसिद्धी व्हावी लागते, आणि औषध ‘बनावट’ किंवा ‘भेसळयुक्त’ ह्या सदरात बसावे लागते. गोळीत औषधाचे प्रमाण नुसते कमी भरले तर ती सामान्यतः ‘अप्रमाणित’ ठरते, आणि हे परंतुक तिला लागू होत नाही. उलट २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ह्या खालच्या पायरीवरचे काही गुन्हे तडजोडयोग्य केले. हृदयरोग्याच्या दृष्टीने पाहा: निम्म्याच ताकदीची गोळी सहा महिने घेणे आणि बनावट गोळी घेणे ह्यांत त्याच्या धमन्यांना कोणता फरक कळणार आहे?

ह्याच कायद्याच्या दोन कलमांत सामान्य माणसाला थोडी जागा आहे. कलम २६ प्रमाणे कोणीही शुल्क भरून औषधाचा नमुना शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. कलम ३२ प्रमाणे निरीक्षकाखेरीज बाधित व्यक्ती आणि मान्यताप्राप्त ग्राहक संस्थाही खटला दाखल करू शकते. ही मुभा १९८६ च्याच दुरुस्तीतून आली. जे. जे. मधील मृत्यू, ही दुरुस्ती आणि ग्राहक संरक्षण कायदा ह्या तिन्ही गोष्टी एकाच सालातल्या आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २४ डिसेंबर १९८६ ला. फेब्रुवारीत गेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता.

आणि कायदा वर्षभर आधी आला असता तरी? इथे ‘बिल नसते’ ह्या शब्दांकडे परत यावे लागते. नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ ह्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या आपल्याकडील सगळ्या चर्चेचा हा पाया आहे. पण त्याच निकालाने एक रेघही ओढली: जे रुग्णालय सर्वांनाच मोफत उपचार देते त्याची सेवा ‘सेवा’ ठरत नाही. काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयात मात्र मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. परिणाम असा की डोंबिवलीच्या खासगी इस्पितळात पैसे मोजणारा माणूस ग्राहक, आणि ज्याची ऐपत नव्हती म्हणून तो सर्वस्वी मोफत दवाखान्यात गेला, तो ग्राहक नव्हे. ज्याला कायद्याची गरज अधिक, तोच व्याख्येबाहेर.

आम्हांला मात्र असे वाटते की ही रेघ ‘सेवे’पुरती आहे, गोळी ही सेवा नसून वस्तू आहे. ग्राहकाची व्याख्या, १९८६ च्या कायद्यातली आणि आजच्या २०१९ च्या कायद्यातलीही, नीट वाचली तर तिच्यात मोबदला देऊन वस्तू घेणाऱ्याबरोबरच, त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहक म्हणून धरलेला आहे. शासनाने किंवा महापालिकेने निविदा काढून, पैसे मोजून गोळ्या घेतल्या आणि रोग्याला वापरायला दिल्या. मग तो रोगी खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा नव्हे काय? रुग्णालयाविरुद्ध त्याला ग्राहक म्हणून उभे राहता येणार नाही कदाचित, पण उत्पादकाविरुद्ध का येऊ नये? हे आमचे वाचन आहे, न्यायालयाचा निर्णय म्हणून आम्ही ते मांडत नाही. समीक्षेत आपण ज्याला संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतो, त्याची गरज कवितेपेक्षा ह्या पोटकलमाला अधिक आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही हे पाहायचे तर लाहोरकडे पाहावे. २०१२ च्या आरंभी तिथल्या पंजाब इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिऑलॉजीच्या रोग्यांना विचित्र त्रास सुरू झाला. रक्तस्राव होऊ लागला, रक्तातील प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरल्या; आधी डेंग्यूचा संशय आला. छातीत दुखू नये म्हणून दिलेल्या आयसोसॉर्बाइडच्या एका बॅचमध्ये मलेरियावरचे पायरिमेथामिन मोठ्या प्रमाणात मिसळले गेले होते, हे लंडनच्या प्रयोगशाळेने शोधून काढले. दोनशेहून अधिक माणसे तोवर गेली. ह्या गोळ्या गरीब हृदयरोग्यांना मोफत वाटलेल्या होत्या. गोळ्या परत मागवल्या गेल्या, पण पोटात गेलेली गोळी परत येत नाही. जे. जे. आणि लाहोर ह्यांच्यात सव्वीस वर्षे आणि एक सरहद्द आहे. तरी दोन्हीकडे मरणारा माणूस एकच आहे, पावती नसलेला. अगदी अलीकडचे उदाहरण हवे तर डिसेंबर २०२४ चे घ्यावे. अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयाला पुरवलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांत अझिथ्रोमायसिनच नसल्याचे आढळून गुन्हा नोंदला गेला, आणि पुरवठ्याची साखळी उलगडताना ती ठाणे-भिवंडीपर्यंत येऊन पोचली.

पैसे मोजून दुकानातून गोळी घेणाऱ्याची स्थिती बरी आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याने ‘उत्पादन दायित्व’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण प्रथमच आणले. गोळीच्या घडणीत दोष असेल, ती ठरलेल्या मानकाप्रमाणे नसेल, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिलेली नसेल, तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या बाबतीत कलम ८७ आधी वाचावे. केवळ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचे उत्पादन असेल आणि उत्पादकाने त्या तज्ज्ञाला वाजवी रीतीने सूचना दिली असेल, तर ‘इशारा दिला नाही’ ह्या कारणासाठी उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे इशारा रोग्याला नव्हे, डॉक्टरला मिळाला की पुरे. हृदयाच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळू नयेत असा नियम रोग्याच्या रक्षणासाठी आहे. त्याच नियमाचे कवच इथे कंपनीच्या अंगावर चढते. गोळीच्या घडणीतल्या दोषाला मात्र हे कवच लागत नाही, म्हणून तक्रारीत कोणते कारण पुढे ठेवले आहे ह्यावर सगळे अवलंबून असते.

इशाऱ्याचा प्रश्न किती मोठा होऊ शकतो हे रोफेकॉक्सिबने दाखवले. सांधेदुखीवरचे हे औषध हृदयविकाराचा धोका वाढवते असे दिसल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी मूळ कंपनीने ते जगभरातून मागे घेतले, आणि २००७ मध्ये अमेरिकेतील दाव्यांपोटी ४.८५ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर केली. भारतात त्याच २००४ च्या डिसेंबरात त्या औषधावर बंदी आली. औषध मागे घेणे आणि भरपाई देणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे कळते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परत बोलावण्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ ची आहेत. त्यांत धोक्याचे वर्ग आहेत, मुदती आहेत, दुकानातून साठा कसा उचलावा हे आहे. ज्याने तो साठा गिळला त्याचे काय, हा त्या कागदाचा विषयच नाही.

कायद्याने जे दिले नाही ते क्वचित सरकारने समिती नेमून दिले. कृत्रिम खुब्याच्या एका सदोष सांध्याचे प्रकरण असेच आहे. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याचा पाठपुरावा केला. आणि पुढे केंद्राच्या समितीने भरपाईचे सूत्र ठरवले, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. हा आकडा वाचून हृदयरोग्याच्या घरच्यांनी हुरळून जाऊ नये. खुब्यातला सांधा शरीरातच असतो, शस्त्रक्रियेने बाहेर काढून दाखवता येतो, त्याला क्रमांक असतो. गोळी विरघळून गेलेली असते.

आता एखाद्या डोंबिवलीकराने प्रत्यक्ष तक्रार करायची ठरवली तर काय, हे थोडक्यात सांगतो. कंपनी हिमाचलातली असो वा गुजरातेतली, तक्रारदार जिथे राहतो वा काम करतो तिथे तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे, म्हणजे ठाणे जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कोणत्या पायरीच्या आयोगाकडे जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवर नाही, मोजलेल्या किमतीवर ठरते. गोळ्यांची किंमत ती किती असणार, म्हणून जिल्हा आयोगच. किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. एकाच बॅचने बाधित झालेले अनेक जण आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. दुकानदाराने माल कुणाकडून घेतला हे औषध निरीक्षकाने विचारल्यावर सांगितलेच पाहिजे, असे औषध कायद्याचे कलम १८-अ म्हणते. हे शेवटचे महत्त्वाचे आहे, कारण ऑगस्ट २०२४ च्या केंद्रीय यादीत रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनचेही नाव आले तेव्हा काही नामांकित कंपन्यांनी ‘ती बॅच आमची नव्हेच’ असे कळवले. पाकिटावर ज्याचे नाव, तोच नाही म्हणाला, तर रोग्याच्या हाती दुकानाच्या पावतीखेरीज काय उरते?

सरकारी दवाखान्यातल्या रोग्यासाठी वाट वेगळी आणि लांबची आहे. तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी एका स्त्रीच्या पोटात कापड राहिले आणि ती दगावली. पतीने दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिले. नोकराच्या निष्काळजीपणाला राज्य जबाबदार आहे हे तत्त्व त्यातून महाराष्ट्राला मिळाले, तेहतीस वर्षांनी. त्यापेक्षा लवकरचा मार्ग जम्मूत दिसला. उधमपूर जिल्ह्यात २०१९-२० मध्ये खोकल्याच्या औषधातल्या त्याच डायइथिलिन ग्लायकॉलने मुले गेली, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने प्रत्येक कुटुंबाला तीन लाख रुपये देण्यास सरकारला सांगितले, कारण औषधावर देखरेख ठेवण्यात सरकार चुकले होते. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुले उपचारासाठी नागपूरला आणली गेली, त्यातल्या अनेकांनी तिथेच प्राण सोडले. औषधाच्या नमुन्यात ते द्रव्य ४८.६ टक्के निघाले. जे. जे. मध्ये ते साडेअठरा टक्के होते.

मुलाची मूत्रपिंडे अचानक बंद पडली तर घरचे प्रश्न विचारतात. साठी उलटलेल्या हृदयरोग्याच्या बाबतीत तसे होत नाही. ‘हार्ट पेशंटच होते’ एवढ्यावर सगळे थांबते. शवविच्छेदन कुणी मागत नाही, आणि तेराव्याच्या आत उरलेल्या गोळ्या टाकून दिल्या जातात. कायद्याला हवा असलेला कार्यकारणसंबंध असा घरातूनच नाहीसा होतो. त्यात आमच्या स्टेशनबाहेरच्या दुकानांची एक सवय भर घालते. महिनाअखेरीला पूर्ण पट्टी परवडत नाही, म्हणून चार-पाच गोळ्या मागितल्या जातात. दुकानदार कात्री घेऊन पट्टी कापतो, गोळ्या कागदी पुडीत घालून देतो. बिल कुणी मागत नाही. बॅच नंबर छापलेला तुकडा दुकानाच्या खणात राहतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाने उरलेल्या गोळ्या नेल्या की केरात जातो.